ठकीची आंघोळ

“बाई, तुम्ही येता का जरा आमच्याकडे? चिमी काहीच खात नाहीये. नुसती फुगून बसलीय!”

दोन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. दुपारचे बारा वाजले असतील. मी फराळाची ताटं भरत होते आणि दारात माझ्या वर्गातला एक मुलगा उभा. अंगात नवा शर्ट, उटण्याचा घमघमाट आणि डोळे मात्र रडून लाल झालेले. त्याचं घर आमच्या घरापासून चार पावलांवर. शनिवार पेठेत आता वाडे मोजकेच उरलेत. त्यातल्याच एका वाड्यात, वरच्या मजल्यावर तो, त्याची ताई, आईबाबा आणि आजी राहतात. आणि ठकी-चिमी.

ठकी आणि चिमी म्हणजे दोन गिनीपिग. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते पाहिले असतील. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते. सशापेक्षा लहान, उंदरापेक्षा पुष्कळ मोठा, गुबगुबीत आणि बिनशेपटीचा असा हा प्राणी असतो. वजन साधारण किलोभर. पुढच्या पायांना चार-चार बोटं आणि मागच्या पायांना तीन-तीन! स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा नुसता आवाज झाला, की ‘व्हीक् व्हीक्’ करून वाडा डोक्यावर घेतात.

त्या दिवशी मात्र पिंजरा गप्प होता. चिमी कोपऱ्यात अंग फुलवून बसली होती. हात लावला तर गार. पाठीवरचे केस वाळले होते, पण पोटाखालचे अजून ओले.

“हिला झालं काय?” मी विचारलं. कोणी बोलेना. शेवटी आजीच म्हणाल्या, “अहो बाई, पोरांनी पहाटे आंघोळ घातली दोघींना. तेल लावून, उटणं लावून, अगदी साग्रसंगीत! मी ओवाळलंसुद्धा. मला काय ठाऊक असं होईल म्हणून?”

हळूहळू सगळं कळलं. पहाटे पाचला सुगंधी तेल, मग उटणं, मग साबण, वर घंगाळातलं कढत पाणी. नंतर पंचाने पुसून दोघींना सज्जात ठेवलं, ‘उन्हात वाळतील’ म्हणून. ऊन यायला अजून दोन तास होते! नदीकडून गार वारा येत होता आणि खाली बोळात फटाक्यांच्या माळा लागत होत्या.

ठकी जरा धट्टीकट्टी. ती थरथरत का होईना, गवत चघळत होती. चिमीने मात्र तोंडच उघडलं नाही. सणाचा दिवस असल्याने जवळच्या दवाखान्यांना कुलूप. संध्याकाळी एक जनावरांचे डॉक्टर भेटले. त्यांनी इंजेक्शन दिलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायला सांगितली, सिरिंजने पातळ खाणं कसं भरवायचं ते दाखवलं. दोघा भावंडांनी दोन रात्री जागून काढल्या. पाडव्याच्या पहाटे चिमी गेली. वाड्याच्या मागच्या अंगणात पारिजातकाखाली तिला पुरलं.

“बाई, मीच मारलं ना तिला?” त्याने मला विचारलं. आणि मग हळूच म्हणाला, “पण तुम्हीच सांगितलं होतं ना वर्गात, की जो रोज आंघोळ करत नाही तो आजारी पडतो?”

सांगितलं होतं. सुट्टी लागायच्या आधीच मी स्वच्छतेचा पाठ घेतला होता, चांगला फळ्यावर रंगीत खडूने लिहून. हा नियम माणसांच्या मुलांचा आहे, गिनीपिगचा नाही, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. डी.एड.ला आम्हाला पाठ कसा घ्यायचा ते शिकवतात, गिनीपिगला न्हाऊ घालावं की नाही ते नाही शिकवत! मी त्याला म्हटलं, “तू नाही रे मारलंस. तुला चुकीचं माहीत होतं, आणि ते मीच सांगितलं होतं.”

त्यानंतर मी त्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. पुस्तकं धुंडाळली. तो, त्याची ताई आणि मी, तिघांनी मिळून एक दोनशेपानी वही भरवली. आज तुम्हाला सांगतेय ते त्या वहीतलंच.

बिनपाण्याची आंघोळ

गिनीपिग मूळचा आपल्याकडचा नव्हे. दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची पर्वतांची मोठी रांग आहे. तिथल्या, म्हणजे आजच्या पेरू-बोलिव्हिया भागातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. हौसेसाठी नव्हे हं, खाण्यासाठी! तिकडे त्याला ‘कुई’ म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर जहाजातून तो युरोपात पोचला आणि तिथे त्याचे लाड सुरू झाले. नावात ‘पिग’ असलं तरी डुकराशी त्याचं काही नातं नाही. तो उंदीर-खारीच्या गटातला, कुरतडणारा प्राणी. आणि आफ्रिकेतल्या गिनी देशाशीही त्याचा संबंध नाही. काही काही नावं अशी उगीचच चिकटतात!

उंचावरच्या गार, कोरड्या गवताळ माळावरचं हे जनावर. पाण्यात डुंबणं त्याच्या स्वभावात नाही. मग तो स्वच्छ कसा राहतो? एखाद्या दुपारी पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसा आणि पाहा. आधी त्याच्या डोळ्यांत दुधासारखा पांढरा थेंब येतो. (डोळे आले म्हणून घाबरू नका. थेंब दोन्ही डोळ्यांत येऊन लगेच नाहीसा झाला तर ती त्याची तोंड धुवायची तयारी आहे. डोळा सतत चिकट राहिला, तर मात्र डॉक्टर.) तो थेंब पुढच्या पंजांनी तो तोंडभर फासतो. मग दातांनी अंगावरचे केस विंचरतो, जिभेने चाटतो आणि मागच्या पायाच्या नखांनी कानामागे खाजवतो. ही काही आपली कावळ्याची आंघोळ नव्हे. दिवसातून कितीतरी वेळा, अगदी मन लावून चालते.

त्याच्या केसांवर स्वतःचं थोडं तेल असतं. आपला साबण ते धुऊन काढतो. मग कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजवून जखमा होतात. आणि तेल-उटणं लावलं तर? ते तो चाटून साफ करतो, म्हणजे सगळं जातं पोटात!

पण चिमीला खरा त्रास झाला तो गारठ्याचा. कपातला चहा बशीत ओतला की पटकन निवतो, हो ना? चहा तेवढाच, पण त्याला हवा लागते जास्त. लहान प्राण्याचं तसंच. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाला वारा जास्त लागतो, त्यामुळे अंगातली ऊब भराभर निघून जाते. त्यातून गिनीपिगचे केस दाट. वरून वाळले तरी आत तासन्‌तास ओले राहतात. गारठलेला, घाबरलेला गिनीपिग खाणं सोडतो. त्याच्या आतड्यांना तर सतत गवत लागतं. एखादा दिवस जरी पोटात काही गेलं नाही, तरी जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, “म्हणजे आम्ही एका आंघोळीत चार चुका केल्या.” मी मोजून पाहिलं. पाच होत्या. पाचवी फटाक्यांची.

धुवायचं ते घर!

मग स्वच्छता करायचीच नाही का? करायची तर! पण गिनीपिगची नव्हे, त्याच्या घराची.

एक गिनीपिग दिवसाला शंभरावर लेंड्या टाकतो. (त्यातल्या काही खास, मऊ लेंड्या तो परत खातो. शी शी करू नका, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात.) लेंड्या कोरड्या असतात, त्यांचा फार उपद्रव नाही. खरा शत्रू आहे ओल. मूत साचलं की त्यातून अमोनिया वायू तयार होतो. सार्वजनिक मुतारीपाशी नाकाला झोंबतो ना, तोच. आपण नाक दाबून पुढे जातो. गिनीपिग कुठे जाणार? त्याचं नाक जमिनीपासून दोन बोटांवर! त्या वासाने त्याची फुप्फुसं बिघडतात. ओल्या अंथरुणावर बसून तळपायांना फोड येतात, त्यात पू होतो. म्हणून ओला झालेला भाग रोज काढायचा आणि आठवड्यातून एकदा सगळं अंथरूण बदलायचं. तुम्हाला वास यायची वाट पाहायची नाही. तुम्हाला वास आला म्हणजे त्याला कालपासून येतोय.

अंथरायला काय? रद्दीच्या कागदाचे पाच-सहा थर आणि वर भरपूर कोरडं गवत. किंवा जुन्या गोधडीचे तुकडे, दोन संच केले की एक धुवायला आणि एक वापरायला. वखारीतला बारीक भुसा आम्ही आणून पाहिला. ठकी सारखी शिंकायला लागली, तेव्हा तो बंद केला. पिंजऱ्याला खाली नुसती जाळी असेल तर ती झाका. जाळीत बोटं अडकतात, तळवे सोलतात.

ट्रेवर पांढरं, खडूसारखं पुटं बसतं. ते मुतातल्या चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं असतं. कितीही घासा, निघत नाही. त्यावर पांढरं व्हिनेगर ओता आणि अर्धा तास थांबा. लिंबाचा रस चोळला तरी चालतो. मग घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन ट्रे उन्हात वाळवा. ऊन ट्रेला, गिनीपिगला नाही! पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात तर त्याला घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. उकाड्याने तो गारठ्यापेक्षाही लवकर कोसळतो. फिनेल आणि डांबरगोळ्या पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नकोत. आपल्याला तो स्वच्छतेचा वास वाटतो, पण त्याच्यासाठी ते विष आहे.

आजींची शंका

आमची वही भरत आली होती, तेव्हा आजींनी एक वेगळाच प्रश्न काढला. म्हणाल्या, “हे सगळं खरं बाई, पण शेवटी उंदराच्याच जातीचं ना हे? आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची, घरात उंदीर पडला की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. ह्यांच्या अंगावर पिसवा झाल्या तर?”

प्रश्न अगदी योग्य होता. आणि त्याचं उत्तर शोधताना मला चक्क मुंबईचे गिनीपिग सापडले!

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लगोलग पुण्यातही पसरली. प्लेग पसरतो कसा, हेच तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणे घाणीने, कोणी म्हणे दूषित हवेने. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलं, की उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात. त्यांचं म्हणणं बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. मग मुंबईत ग्लेन लिस्टन नावाच्या डॉक्टरांनी एक गोष्ट टिपली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले होते आणि त्यांच्या अंगावर उंदरावरच्या पिसवा होत्या. एरवी या पिसवा गिनीपिगवर फारशा सापडत नाहीत. म्हणजे त्या आल्या होत्या उंदरांकडून! उंदीर मेले की पिसवा भुकेने दुसरं अंग शोधतात, मग ते गिनीपिगचं असो की माणसाचं.

१९०५ पासून मुंबईत याचे रीतसर प्रयोग झाले. परळला प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा होती, तिलाच १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. संशोधक प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडत आणि मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करत. जणू पिसवांचा सापळाच. दुसरा प्रयोग तर फारच चतुर होता. पिसवा असलेल्या खोलीत काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही वर टांगले. पिसूची उडी जेमतेम वीतभर. जमिनीलगतच्या गिनीपिगना प्लेग झाला आणि उंच टांगलेले वाचले. हवा तर दोघांनाही एकच होती! मग हवेने रोग पसरतो हे म्हणणं कुठे टिकतं?

‘आम्हाला गिनीपिग समजू नका’ असं वर्तमानपत्रात कोणी ना कोणी म्हणत असतं. ते का, हे मला तेव्हा कळलं. त्या गिनीपिगना कोणी विचारलं नव्हतं. पण त्यांच्यामुळे लाखो माणसांचा मारेकरी सापडला.

आजींना मी सांगितलं, “प्लेगची भीती आज आपल्या वाड्यात नाही. पण पिसवा गिनीपिग स्वतः तयार करत नाही, त्या बाहेरून येतात. म्हणून उंदीर-घुशी पिंजऱ्यापाशी येता कामा नयेत.” आजींनी त्याच दिवशी माळ्यावरचा जुना पाट काढून दिला. पिंजरा जमिनीवरून उठला आणि पाटासकट टेबलावर गेला. रात्री उरलेला भाजीपाला काढून टाकायचा, दाणे बंद डब्यात ठेवायचे, हे काम आजींनी स्वतःकडे घेतलं. वाड्यात घुशी किती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत!

मुळीच हात लावायचा नाही?

तसंही नाही. काही कामं गिनीपिगला जमत नाहीत, ती आपण करायची. नखं महिन्या-दोन महिन्यांनी कापायची. नखात रक्ताची शीर असते, ती दिसली नाही तर मागून टॉर्च धरा आणि शिरेच्या बरंच पुढे कापा. (चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. पहिल्यांदा मोठ्या माणसाकडून शिकून घ्या.) लांब केसांच्या पेरुव्हियन जातीचे मागचे केस कातरून आखूड ठेवायचे, नाहीतर ते मुतात भिजतात. शेपटी असती तर जिथे असती, तिथे एक ग्रंथी असते. नरांमध्ये ती जास्त पाझरते आणि केस चिकट, काळपट होतात. तिथे थोडं खोबरेल तेल लावा, पाच मिनिटांनी मऊ फडक्याने पुसून काढा. एवढंच. अंगभर अभ्यंग नको!

मागचा भाग घाण झाला तर कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून तेवढाच भाग पुसायचा आणि कोरडा करायचा. पण पुन्हा पुन्हा घाण होत असेल, तर ते आजाराचं लक्षण आहे. केस गळत असतील, कातडीवर गोल चट्टे किंवा खपल्या दिसत असतील, तरीही आंघोळ नव्हे, डॉक्टर. त्यांना खरजेचे किडे होतात, गजकर्णही होतं, आणि गजकर्ण आपल्यालाही लागतं. म्हणून त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. साबण तुमच्यासाठी! कुत्र्याचं पिसवांचं औषध मात्र मनाने लावू नका.

डॉक्टरांनीच आंघोळ घालायला सांगितली, तर भर दुपारी, खिडक्या लावून, पंखा बंद करून. दोन बोटं कोमट पाणी, खाली नॅपकिन म्हणजे पाय घसरणार नाहीत. डोकं भिजवायचं नाही. डॉक्टर देतील तोच शाम्पू. मग दोन-तीन कोरडे पंचे आधीच तयार ठेवून, पोटापर्यंत कोरडा होईतो मांडीवर घेऊन बसायचं. दीड तास गेला तरी चालेल. आजारी, गाभण किंवा पिल्लू असेल, तर आंघोळीचं नावच नको.

आणि हो, केस राठ दिसले म्हणून धुवायला धावू नका, आधी ताटात काय वाढता ते पाहा. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य घातलं, तर त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग झाला! म्हणून भरपूर गवत तर हवंच (आपली हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वाच, पण औषध न फवारलेल्या), शिवाय रोज कोथिंबीर, ढोबळी मिरची, कधी पेरूची फोड. पेरू देशाच्या पाहुण्याला पेरू!

चिमी गेल्यावर ठकी फार गप्प झाली होती. हे प्राणी कळपाने राहणारे, एकट्याने ते कुढतात. महिन्याभराने बाबांनी यमी आणली, तीही मादीच. तीन आठवडे तिला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं, अंगावर काही किडे असतील तर ठकीला लागू नयेत म्हणून. तो मुलगा रोज शाळेत येऊन सांगायचा, “बाई, आज एकोणीसच राहिले.” “बाई, आज अठरा.”

गेल्या दिवाळीत पहाटे मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. सज्जाचं दार गच्च लावलेलं, पिंजऱ्यावर अर्धी गोधडी टाकलेली, फटाक्यांचा आवाज कमी पोचावा म्हणून. स्वतःची आंघोळ उरकून तो मुलगा मोरीत ट्रे घासत बसला होता. आजींनी लांबूनच निरांजन ओवाळलं. ताईने पेरूची एक फोड आत टाकली. यमीने ती उचलली, आणि ठकीने सरळ तिच्या तोंडातून ओढून घेतली.